दापोलीत बसून मेडिकल रायटिंग, पहिल्या पेपरापासून पहिल्या बिलापर्यंत

बी.फार्म झालेली, बीएचएमएस झालेली, मायक्रोत एमएस्सी केलेली आणि लग्न, आईवडील, बाग, काही ना काही कारणाने गावाला परत आलेली बरीच मुलं-मुली मला विचारतात की ताई तू घरी बसून नक्की करतेस काय आणि आम्हाला जमेल का. फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही, अर्धवट सांगितलं की गैरसमज होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी बी.फार्म, मुंबईत एका कंपनीत ड्रग सेफ्टीला, म्हणजे औषधांनी होणाऱ्या त्रासांच्या नोंदी बघण्याच्या कामाला, तीन वर्षं काढली, २०१९ ला दापोली तालुक्यात घरी आले आणि तेव्हापासून फ्रीलान्स करतेय. सगळ्यांना वाटतं या कामाला फाडफाड इंग्लिश पाहिजे. इंग्लिश लागतंच, पण त्याच्या आधी आकडा वाचता आला पाहिजे, आणि ज्याच्या पोटात ती गोळी जाणार आहे त्या माणसाला तो आकडा खरा किती मोठा आहे ते कळेल असं लिहिता आलं पाहिजे. एवढं आलं की बाकीचं शिकता येतं.

कामं कुठली असतात

मेडिकल रायटिंग या एका नावाखाली चार वेगळी कामं येतात. एक म्हणजे कंपन्यांची रेग्युलेटरी कागदपत्रं, ट्रायलचा, म्हणजे माणसांवर औषध तपासून बघण्याच्या अभ्यासाचा, प्रोटोकॉल (आधी लिहिलेली योजना), ट्रायल संपल्यावरचा क्लिनिकल स्टडी रिपोर्ट वगैरे; या रिपोर्टचा ढाचा आयसीएच या औषध नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई३ गाइडलाइनने १९९५ पासून ठरवून दिलाय. यात पैसे सगळ्यात चांगले, पण नवख्या माणसाला हे काम घरबसल्या कोणी देत नाही, त्यासाठी आधी एखाद्या कंपनीत दोनेक वर्षं काढलेली बरी. दुसरं डॉक्टरांचे पेपर, पोस्टर, कॉन्फरन्सच्या स्लाइड्स. तिसरं आरोग्याच्या बातम्या आणि लेख, मराठीत किंवा इंग्लिशमध्ये. आणि चौथं, ज्याकडे आपल्याकडची मुलं बघतच नाहीत, ते म्हणजे पेशंटसाठीचं मराठी लिखाण: माहितीपत्रकं, ट्रायलची संमतिपत्रं, अ‍ॅपमधल्या सूचना. महाराष्ट्रात ट्रायल करायची तर पेशंटला त्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते, आणि नीट मराठी येणारं आणि औषधं कळणारं माणूस एकत्र मिळत नाही. माझं निम्मं काम आज हेच आहे. सुरुवात तिसऱ्या आणि चौथ्यापासून करा.

पहिली पायरी, पेपर स्वतः उघडा

समजा सकाळी फॉरवर्ड आलं, वजन कमी करायच्या इंजेक्शनने हार्ट अटॅकचा धोका २० टक्क्यांनी कमी. बातमीवरून बातमी लिहायची नाही, ही पहिली शिस्त. मूळ पेपर शोधायचा. पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन यादी, १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे, औषधाचं नाव, आजाराचं नाव आणि वर्ष टाकलं की बहुतेक वेळा सापडतो. पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर पबमेड सेंट्रलवर बघा, तिथेही नसला तर ज्या लेखकाचा ईमेल पेपरावर दिलेला असतो त्याला चार ओळींचं साधं मेल टाका, मला तरी बरेच जण पाठवतात आणि कुणी अजून रागावलेलं नाही.

उघडला की सारांश वाचत बसू नका, सारांश शेवटी. आधी मेथड्स, मग टेबल १, त्यात माणसं कोण होती ते असतं, वय काय, बायका किती, आधीचे आजार कुठले. मग मुख्य निकाल, मग मर्यादा, मग पैसे कुणी दिले. एवढं झाल्यावर सारांश वाचला की तुम्हालाच दिसतं कुठे जरा फुगवलंय. आणि ट्रायल असेल तर तिची नोंदणी बघायची. आपल्याकडे सीटीआरआय ही ट्रायल्सची सरकारी ऑनलाइन नोंदवही आहे, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून भारतातल्या ट्रायल्सना तिथे नोंद करणं सक्तीचं झालं. बाहेरच्या बऱ्याच ट्रायल्स क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकेच्या नोंदवहीत असतात. नोंदवताना काय मोजणार म्हणून लिहिलं होतं आणि पेपरात मुख्य निकाल म्हणून काय पुढे केलंय हे दोन्ही शेजारी ठेवा. मधेच बदललं असेल आणि का बदललं ते सांगितलं नसेल तर तो पेपर जपून.

दुसरी पायरी, आकडा उलगडा

तीच इंजेक्शनची बातमी घेऊ. हा सिलेक्ट नावाचा अभ्यास, सेमाग्लुटाइडचा, म्हणजे त्या इंजेक्शनमधल्या औषधाचा, नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १७,६०४ माणसं, सगळी ४५ किंवा त्याच्या वरची, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७ किंवा जास्त, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेली, आणि डायबेटीस नसलेली. सरासरी ३९.८ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत ८ टक्के लोकांना हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यातलं काहीतरी झालं, खरं मिळालेल्यांत ६.५ टक्के. म्हणजे हजार माणसं धरली तर तिकडे ८०, इकडे ६५. ऐंशीचे पासष्ट झाले म्हणजे साधारण २० टक्के कमी, तेव्हा बातमी खोटी नाही. पण हजारात पंधरा जणांचं टळलं, एकाचं टळायला साधारण ६७ जणांनी सव्वातीन वर्षांच्या वर इंजेक्शन घेतलं, हे सांगितलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच चित्र उभं राहतं. दोन्ही लिहा. नुसते २० टक्के लिहिले तर औषध जादू वाटतं, नुसते दीड टक्के लिहिले तर फालतू वाटतं, आणि आधीच एक अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी हजारात पंधरा अजिबात फालतू नाहीत.

अजून दोन गोष्टी त्याच पेपरात आहेत आणि बातमीत नसतात. त्रास झाला म्हणून औषध सोडणारे इंजेक्शनवाल्यांत १६.६ टक्के, दुसरीकडे ८.२ टक्के, आणि जास्तीचे बरेचसे पोटाच्या तक्रारीमुळे. आणि पैसे औषध बनवणाऱ्या कंपनीचे. यात पाप काही नाही, मोठ्या ट्रायल्सना पैसे बहुतेक कंपन्याच देतात, पण वाचणाऱ्याला ते माहीत पाहिजे.

२०२५ मध्ये ही वजनाची इंजेक्शनं आपल्याकडे विकायला आली तेव्हा आमच्या शेजारच्या काकू, शुगरच्या पेशंट, मुलाला म्हणाल्या मुंबईहून येताना घेऊन ये रे, पेपरात आलंय हृदयाला चांगलं. मी त्यांच्या ओटीवर बसून समजावलं की काकू, ज्या अभ्यासाची ही बातमी आहे त्यात शुगरवाली माणसं घेतलीच नव्हती, शुगरवाल्यांचे अभ्यास वेगळे आहेत, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून नको. बातमी लिहिणाऱ्याने एक ओळ जास्त लिहिली असती तर मला जावं लागलं नसतं. म्हणून कुठलीही बातमी लिहिताना कुणावर केलं, किती जणांवर, किती दिवस आणि कशाशी तुलना करून, या चार गोष्टी मी पहिल्या दोन परिच्छेदांतच टाकते. संपादक कधी कधी खाली ढकलतात, मी परत वर मागते.

मिलियनचं पण एक सांगते, कारण इथे मी स्वतः चुकलेय. आयसीएमआर-इंडिआब हा डायबेटीसचा देशभराचा सर्वे २०२३ मध्ये लॅन्सेटच्या डायबेटीसच्या जर्नलमध्ये आला, त्यात १०१ मिलियन लोकांना डायबेटीस असा अंदाज आहे. १०१ मिलियन म्हणजे १० कोटी १० लाख. घाईत शून्य इकडचं तिकडे होतं आणि छापून आल्यावर कळतं, म्हणून आता मी प्रत्येक मिलियन कागदावर लिहून मोजते. याच सर्वेत गोवा सगळ्यात वर आहे, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४ टक्के. आपल्या शेजारचं राज्य म्हणून लगेच गोव्याच्या लोकांच्या खाण्यापिण्यावर लेख लिहायचा मोह होतो, पण हा सर्वे आहे, किती जणांना आहे ते सांगतो, कशामुळे झाला ते सांगत नाही. शिवाय मोजणी २००८ ते २०२० अशी टप्प्याटप्प्याने झालीय, सगळ्या राज्यांचं वर्ष एक नाही, त्यामुळे २०२३ मध्ये इतके टक्के असं लिहिणंसुद्धा चूक.

सुकी मासळी आणि कॅन्सर

हे मुद्दाम वेगळं घेतेय कारण आपल्या किनाऱ्याला थेट लागणारं आहे. एका मे महिन्यात, सगळ्यांची पावसाळ्याची बेगमी चालू असताना, फॉरवर्ड फिरलं की जागतिक आरोग्य संघटनेने खारवलेली सुकी मासळी कॅन्सर करणारी म्हणून जाहीर केलीय, तंबाखूच्या बरोबरीने. हर्णैच्या बाजारात सोडे, बोंबील, खारा बांगडा घेऊन बसणाऱ्या बायकांचं ते पोट आहे. एक मावशी मला म्हणाल्या, बाय, खरं का ग? मी घरी येऊन दिवसभर तेच शोधलं.

खरं इतकं आहे. संघटनेची कॅन्सरवर काम करणारी आयएआरसी नावाची संस्था आहे, फ्रान्समध्ये लिऑनला. तिच्या यादीत गट १ मध्ये चायनीज पद्धतीची खारवलेली मासळी आहे, १९९३ पासून, आणि संबंध आहे तो नाकाच्या मागच्या बाजूला घशाचा जो वरचा भाग असतो तिथल्या कॅन्सरशी. दक्षिण चीनमध्ये मासळी खारवताना ती थोडी नरम पडू देतात, आंबल्यासारखी होते, त्यात नायट्रोसामाइन नावाची कॅन्सरशी संबंध असलेली रसायनं तयार होतात, आणि तिथे ही मासळी अगदी लहान मुलांना भाताबरोबर भरवायची पद्धत होती. त्याच १९९३ च्या अहवालात बाकीच्या खारवलेल्या मासळीला गट ३ दिलाय, म्हणजे हो किंवा नाही ठरवण्याइतका पुरावा नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने चायनीज हा एक शब्द खाल्ला आणि आपल्या बायांच्या टोपलीवर आणून ठेवलं.

आणि गट १ म्हणजे काय तेही लोकांना कोणी सांगत नाही. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. गट १ मध्ये तंबाखू आहे, दारू आहे, आणि ऊनसुद्धा आहे. तिन्हींचा पुरावा पक्का म्हणून तिन्ही एका गटात, त्यावरून तिन्हींचा धोका सारखा होत नाही. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. गट ३ म्हणजे सर्टिफिकेट नाही, आणि कॅन्सरचं बाजूला ठेवलं तरी मीठ आहेच, संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली मीठ सांगते, खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्याने बीपीवाल्याचा त्यातला बराच हिस्सा संपतो. मी मावशींना हेच सांगितलं, आणि भिजवून, पाणी टाकून शिजवायला सांगा गिऱ्हाइकांना असंही सांगितलं. त्या म्हणाल्या ते आम्ही सांगतोच. त्या लेखावर मला जितके फोन आले तितके कशावरच आले नाहीत.

प्रेस नोट आणि प्रीप्रिंट

बातम्यांचं काम सुरू केलं की युरेकअलर्टसारख्या, पत्रकारांना संशोधनाची माहिती पुरवणाऱ्या वेबसाइटवरून प्रेस नोट मिळायला लागतात, कधी एम्बार्गो लावून, म्हणजे पेपर आधी वाचायला मिळतो पण ठरलेल्या वेळेआधी छापायचा नाही. ती वेळ काटेकोर पाळा, एकदा मोडली की यादीतून नाव जातं. प्रेस नोटवर मात्र विसंबू नका. २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेस नोट तपासल्या, त्यातल्या ४० टक्क्यांत वाचकाला दिलेला सल्ला मूळ पेपरापेक्षा वाढवून दिलेला होता, आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांपैकी ३६ टक्क्यांत निष्कर्ष माणसाला वाढवून लावलेला होता. आणि प्रेस नोट फुगवलेली असली की बातम्याही फुगतात हेही त्यांना दिसलं. म्हणजे चूक बऱ्याच वेळा पत्रकाराच्या टेबलावर यायच्या आधीच झालेली असते. उंदरावरचा अभ्यास असेल तर उंदीर हा शब्द मी हेडिंगमध्येच घालते.

मेडआर्काइव्ह या वेबसाइटवर २०१९ पासून प्रीप्रिंट येतात, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी अजून तपासलेलं नाही असं लिखाण. त्यावर बातमी करायची वेळ आली तर ते न तपासलेलं आहे हे पहिल्या परिच्छेदात. आणि कुठल्याही बातमीला पेपराशी संबंध नसलेला एक डॉक्टर फोनवर गाठायचाच, दिल्लीचाच मोठा माणूस हवा असं नाही. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारखी खेड्यात राहून संशोधन करणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत, तिथल्या लोकांना आपल्या पेशंटचं जे माहीत असतं ते मोठ्या शहरात बसून कळत नाही.

मराठीत लिहिताना

इथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकलेला आहे. इंग्लिशमध्ये ट्रायल आणि टेस्ट हे दोन शब्द आहेत, आपण दोन्हीला चाचणी म्हणतो, मग संमतिपत्रात तुम्ही या चाचणीत सहभागी होत आहात असं वाचलं की माणसाला वाटतं रक्त तपासायचंय, आणि तो सही करून मोकळा. मी ट्रायलला औषधाचा अभ्यास लिहिते आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जास्त घालते, की हे औषध चालतं का आणि त्याने त्रास होतो का हे अजून पक्कं माहीत नाही, ते शोधायला हा अभ्यास आहे. प्लासिबोला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. रँडमाइजला यादृच्छिक लिहिलेलं मी पाहिलंय, ते कुणालाच कळत नाही, चिठ्ठी उचलल्यासारखं कॉम्प्युटर ठरवेल, डॉक्टर ठरवणार नाहीत असं लिहा. अ‍ॅडव्हर्स इव्हेंटला दुष्परिणाम लिहिणं ही तर सर्रास होणारी चूक, कारण ती घटना औषधानेच झाली असेल असं नाही, अभ्यास चालू असताना माणूस झाडावरून पडला तरी ती नोंदवायची असते. त्याला अभ्यासाच्या काळात झालेला कुठलाही त्रास म्हणा. सिग्निफिकंटला लक्षणीय लिहिलं की वाचणारा मोठा फरक समजतो, तिथे खरं म्हणजे एवढंच म्हणायचं असतं की हा फरक नुसत्या योगायोगाने दिसला असण्याची शक्यता कमी आहे.

संमतिपत्राचं काम कसं चालतं ते थोडक्यात, तुम्ही मराठी करता, मग दुसरा कोणीतरी मूळ न बघता तुमचं मराठी परत इंग्लिश करतो, दोन्ही इंग्लिश ताडून बघतात, फरक असेल तर तुम्हाला विचारतात, मग एथिक्स कमिटीकडे, म्हणजे पेशंटच्या हिताचं बघून ट्रायलला परवानगी देणाऱ्या समितीकडे जातं. त्या परत इंग्लिश करणाऱ्याला सोपं जावं म्हणून अवघड संस्कृत शब्द घालायचा मोह होतो. नका घालू, पेशंटसाठी लिहिताय. मी प्रत्येक मसुदा घरात आत्याला मोठ्याने वाचून दाखवते, अर्थात क्लायंटचं आणि औषधाचं नाव गाळून, आत्या सातवी शिकलेली आहे, ती जिथे थांबवून विचारते ते वाक्य परत लिहायचं.

गावातला शब्दही कधी दगा देतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांद्याकडे २०१६ पासून जो क्यासनूरचा ताप आला, मूळ १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे सापडलेला, त्याला सगळे माकडताप म्हणतात. शब्द लोकांचा आहे, तोच वापरायचा, नाहीतर कोणी वाचणार नाही, पण नुसता तोच वापरला तर लोक माकडं हाकलत बसतात, आणि माणसाला आजार देते ती गोचीड. काजूच्या दिवसांत पाचोळ्यात बसून बिया गोळा करणाऱ्या बाईला गोचिडीचं कळलं पाहिजे. म्हणून माकडताप लिहिलं की त्याच वाक्यात गोचीड.

नमुने आणि पहिलं काम

क्लायंट विचारतो आधी काय लिहिलंय दाखवा, आणि आपल्याकडे काहीच नसतं. तीन नमुने स्वतःच करा. एक सहाशे शब्दांची बातमी, एखाद्या सगळ्यांना खुल्या असलेल्या पेपरावर. एक पेशंटचं पत्रक, लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) करा, भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे त्याची गरज असतेच, चिखलात उतरताना पायाची जखम झाकायची, ताप आला की अंगावर काढायचा नाही, हे तुम्हाला पाहून माहीत आहे. आणि एक, त्याच पेपराचा डॉक्टरांसाठी एका पानाचा सार. तिन्ही एका पीडीएफमध्ये, वर नाव, शिक्षण, फोन. लिंक्डइनवर प्रोफाइल नीट करा, आधीच्या कॉलेजमधले कंपन्यांत गेलेले सीनियर्स शोधून त्यांना थेट लिहा, माझी पहिली तीन कामं तशीच आली.

टेस्ट मागतात, द्या, पण एक पान. मला सुरुवातीला एकांनी तीन हजार शब्दांची टेस्ट दिली, मी चार रात्री जागून केली, नंतर उत्तर आलं नाही आणि तोच लेख दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या नावाने दिसला. तेव्हापासून एका पानाच्या वर असेल तर पैसे, हे मी पहिल्याच मेलमध्ये लिहिते.

एआयचं लोक विचारतात. वाक्य सुधारायला कोणी वापरत असेल तर वापरो, पण क्लायंटचा मसुदा त्यात टाकायचा नाही, तुम्ही गोपनीयतेवर सही केलेली असते. आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर स्वतः उघडून बघायचा, नसलेले पेपर ते खऱ्यासारखे सांगतं.

कुठे नाही म्हणायचं

पीजी करणाऱ्यांचे फोन येतात, थेसिस लिहून द्या, डेटा तुम्हीच बसवा. भाषा तपासून देईन, आकडेवारीचं टेबल नीट मांडून देईन, पण लिहून देणार नाही आणि डेटा बसवणं तर नाहीच. खोट्या डेटावर उद्या कुणीतरी खऱ्या पेशंटला औषध देईल. डॉक्टरांच्या पेपरला मदत केली तर आभारात तुमचं नाव आणि पैसे कुणी दिले ते यायला पाहिजे, आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे, लेखक कुणाला म्हणायचं याचे चार निकष आहेत, ते सगळे बसत नसतील तर तुम्ही लेखक नाही, पण लपवलेलं माणूसही नाही.

दुसरे असतात चूर्ण, अर्क, सरबतवाले. आपल्या भागात कोकम, जांभूळ बी, कडू किराईत यांचं चांगलं काम करणारे लोक आहेत, त्यांना पॅकेटवर डायबेटीस मुळापासून बरा असं हवं असतं. १९५४ चा औषधे आणि जादूई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायदा आहे, त्याच्या यादीत डायबेटीस, कॅन्सर, बीपी, लठ्ठपणा सगळं आहे, बरं करतो अशी जाहिरातच करता येत नाही. मी त्यांना हे सांगते, आणि चवीचं, बागेचं, बनवण्याच्या पद्धतीचं लिहून देते. काही जण राहतात, काही जातात.

पैसे

दर शब्दावर, तासावर किंवा पूर्ण कामावर. बातमीला शब्दावर ठीक, संमतिपत्राला शब्दावर घेतलं तर मरण, कारण बदल पाच वेळा येतात, तिथे पूर्ण कामावर घ्या आणि दोन वेळा बदल यात धरलेत, पुढचे वेगळे असं लिहून घ्या. तुमचा दर काढायला साधं गणित: समजा महिन्याला ४०,००० लागतात, आणि वाचन, मेल, शोधाशोध जाऊन महिन्यात बिल लावता येईल असे तास ८० च राहतात, तर तासाला ५०० च्या खाली गेलात की तोटा. शोधाशोधीचे तास लोक मोजत नाहीत, तिथेच फसतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान व्यवसायाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, पुढे गेलं तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी बिलाच्या खाली उद्यम नंबर घालते, तेवढ्यानेच बरीच बिलं हलतात. कंपन्या फीमधून १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरून मिळवता येतो, जीएसटी वर्षाला २० लाखांच्या वर. परदेशी क्लायंट मिळाला की सीएकडे एकदा जाऊन या, अंदाजाने करू नका.

पावसाळा धरून चाला

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्याकडे एका रिपोर्टचं काम होतं. पत्रे उडाले, माड पडले, लाईट किती दिवस नव्हती ते आठवायला नको वाटतं, आणि मी क्लायंटला आधी काही कळवलं नव्हतं की आमच्याकडे असं होऊ शकतं. काम गेलं, त्यात त्यांचा दोष नव्हता. आता जून ते सप्टेंबर मी प्रत्येक डेडलाइनला दोन दिवस जास्त मागते आणि का ते स्पष्ट सांगते. दोन कंपन्यांची सिम, इन्व्हर्टर, लागणारे सगळे पेपर आधीच उतरवून ठेवलेले, आणि रोज संध्याकाळी जेवढं झालंय तेवढं पाठवून द्यायचं. गणपतीत काम घेत नाही, ते जुलैमध्येच सांगते.

आता सुरुवात कुठून

पहिला पेपर मी सुचवते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, त्यांनी विंचूदंशावर आयुष्य घातलं, १९८० च्या दशकात प्राझोसिन या बीपीच्या गोळीचा विंचूदंशावर उपयोग करण्याचं त्यांचं काम लॅन्सेटमध्ये आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांची एक ट्रायल बीएमजेत छापली गेली, ती कुणालाही फुकट वाचता येते. ७० पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं औषध (अँटीव्हेनम) दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दोन्हीवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यांत ३५ पैकी ८. कुणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं.

पेपर उघडा, वर सांगितलेल्या क्रमाने वाचा, आणि स्वतःला विचारा की माहीत असल्याने निकालात काय फरक पडू शकतो, सत्तर पेशंट पुरेसे का, दहा तासच का मोजले. मग मराठीत तीनशे शब्द लिहा. घरात आजी, आत्या, शेजारच्या काकू, ज्यांनी विंचू चावलेला माणूस पाहिलाय अशा कुणालाही ते मोठ्याने वाचून दाखवा, पेन्सिल हातात ठेवा, आणि त्या जिथे जिथे "म्हणजे?" असं विचारतील तिथे खूण करा.